भागाकार आणि कलेक्टरची सुट्टी

शिकवायचं राहून जातं, सांगायचं मात्र साचत जातं! आमच्या नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत. आम्ही तिघं अकोल्याहून बार्शीटाकळीच्या पुढच्या दोन गावांत रोज अपडाऊन करतो. गाडी गावंडे सरांची. पुढच्या सीटवर आमचे मुख्याध्यापक वानखडे सर, मागे मी आणि माझ्या शेजारी वह्यांचा गठ्ठा. जाताना कालचा किस्सा, येताना आजचा. गेल्या वर्षभरात तर एकाच विषयाचे इतके जमले की एकदाचे सांगून मोकळी होते. विषय आहे सुट्टी.

बाहेरच्यांना वाटतं, सुट्टी म्हणजे मास्तरांची चैन. "तुमचं बरं आहे बाई, पाऊस आला की घरी!" असं शेजारीण म्हणते तेव्हा मी नुसती हसते. आता भांडायचं त्राणच उरलं नाही.

आधी शाळेचं सांगते. आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. वानखडे सरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. चौथीत अकरा पोट्टे. पाचवीसाठी त्यांना नाला ओलांडून अलीकडच्या मोठ्या गावात जावं लागतं, आणि तिथं पाचवीला गणित शिकवतात आमचे हेच गावंडे सर. माणूस मनानं चांगला, पण गणिताला कडक. "मॅडम, तुमच्या शाळेतले पोट्टे भागाकाराले पार कोरे येतात," हे ते गाडी चालवता चालवता, आरशात माझ्याकडे बघून, महिन्यातून एकदा तरी म्हणतातच.

खोटं म्हणत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून प्रतीक्षा नावाची पोरगी पाचवीला गेली. सरांनी फळ्यावर गणित दिलं, सहाशे बारा भागिले सहा. हिनं उत्तर लिहिलं बारा. मधलं शून्य गायब! सरांनी उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. दिवाळीची सुट्टी संपली आणि पोरगी शाळेत परत गेलीच नाही. आता घरीच असते. भाकरी छान करते म्हणतात.

गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण समीक्षा माझ्या चौथीत आली. शाळा उघडली त्याच आठवड्यात त्यांचे वडील गजाननभाऊ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, हिले भागाकार पक्का करून द्या, मंग मी पाचवीले धाडतो. नाहीतर चौथीवर बस झालं. एक पोरगी रडत घरी बसली, तेवढं पुरे हाय आमाले."

मी म्हटलं, "करून देते." अख्खं वर्ष हाताशी होतं, म्हणून पटकन बोलून गेले.

*

आमच्या विदर्भात शाळा उघडतातच उशिरा, उन्हापायी. तिकडे पुण्यात दोन धडे होतात तेव्हा आमच्या वर्गाचे पत्रे तापलेले असतात. नियोजन मात्र सगळ्या राज्याला एकच! तरी मी पाढे घेतले, वजाबाकी घासून घेतली, आणि जुलैतल्या एका बुधवारी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भागाकार'. उद्या प्रत्येकानं पन्नास काड्या आणायच्या म्हटलं, काड्यांचे गट करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिक्षकांच्या ग्रुपवर कलेक्टरचा आदेश. अतिवृष्टीचा इशारा, जिल्ह्यातल्या सर्व शाळांना सुट्टी.

नऊ वाजता मी खिडकी उघडली. असं लख्ख ऊन की शेजारणीनं गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या! अकराच्या सुमारास नांदगाव खंडेश्वरहून माझ्या बहिणीचा फोन. तीही शिक्षिका. तिकडे धो धो चालू, पोरं चिंब होऊन वर्गात बसलेली आणि सुट्टी नाही, कारण तो अमरावती जिल्हा.

"ताई, तुमचा पाऊस इकडे येऊन पडून राहिला," ती म्हणाली.

"आणि तुमची सुट्टी इकडे आली!"

"काय करता बापा, ढग एकच, कलेक्टर दोन!" म्हणत तिनं फोन ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची शाळा होती, आणि त्या दिवशी जो पाऊस लागला, विचारू नका. अकरापैकी चार पोट्टे आले. काड्या भिजून दप्तरातल्या वह्यांना चिकटल्या होत्या. ऑफिसचं छत गळत होतं आणि वानखडे सर खुर्चीवर छत्री उघडून मस्टरवर सही करत होते.

"सर, खरी सुट्टी आज पाहिजे होती," मी म्हटलं.

"सुट्टी काल झाली न मॅडम. रोज रोज कोन देते?"

*

आदेश कधी येतो, यावरही बरंच अवलंबून असतं. सकाळी सहाला आला तर नशीब समजायचं. एकदा आला साडेदहाला. मुलं आलेली, परिपाठ झालेला, मी फळ्यावर अठ्ठेचाळीस भागिले चार मांडलेलं, आणि मागच्या खोलीत कांताबाईंची खिचडी रटरटत होती. कांताबाई आमच्याकडे पोषण आहार शिजवतात. गेली कित्येक वर्षं शाळेत आवाज फक्त त्यांचाच चालतो.

वानखडे सर मोबाइल घेऊन दारात आले. "मॅडम, सोडा पोरं. 'तत्काळ' असं लिहिलं हाय."

पोरांनी दप्तरं उचलली न उचलली तोच कांताबाई हातात खिचडी ढवळायचा सराटा घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. "कोनी हालायचं नाही! सुट्टी पोरायले हाय, खिचडीले नाही!"

"कांताबाई, वरून आदेश आहे," सर म्हणाले.

"मंग वर सांगा, शिजत आली हाय. दहा मिन्टं थांबा म्हना."

आता आली का पंचाईत! मुलं थांबवली तर आदेशाचा भंग. उपाशी सोडली तर पोषण आहाराच्या ॲपवर आज काय भरायचं? सरांनी सुट्टीचा आणि आहाराचा असे दोन्ही आदेश पुन्हा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, आणि तोडगा काढला. शाळा सुटली असं जाहीर केलं, घंटा वाजवली आणि सुटलेल्या शाळेत मुलांना जेवायला बसवलं.

मला वाटलं, बसलीच आहेत तर ते अठ्ठेचाळीस भागिले चार तेवढं संपवून टाकू. खडू हातात घेतला तर सर धावत आले.

"मॅडम, खिचडी चालते, भागाकार नको! अध्यापन बंद ठेवा, असं स्पष्ट लिहिलं हाय!"

*

आता माझी स्वतःची फजिती. लपवून उपयोग नाही, गाडीत सगळ्यांना माहीत आहे.

टाचण म्हणजे काय शिकवणार ते वहीत आधी लिहून ठेवायचं. विषय, घटक, साहित्य, आणि शेवटच्या ओळीत विद्यार्थ्यांचा प्रतिसाद. प्रतिसाद अर्थातच शिकवून झाल्यावर लिहायचा असतो. पण पंचवीस वर्षं नोकरी झाली की माणूस रविवारी दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजत अख्ख्या आठवड्याचं टाचण उरकून टाकतो. प्रतिसादासकट!

ऑगस्टमधल्या एका गुरुवारच्या पानावर मी लिहिलं होतं, 'भागाकार, बाकी उरणारी उदाहरणे. साहित्य: चिंचोके. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद: उत्तम.' वानखडे सरांनी सोमवारीच सहाही दिवसांच्या सह्या एकदम केल्या. आणि गुरुवारी सुट्टी लागली.

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब आले. टाचणवही उघडली, शेजारी हजेरीपत्रक ठेवलं, आणि एका हाताचं बोट इथं, दुसऱ्या हाताचं तिथं.

"मॅडम, गुरुवारी शाळा बंद होती."

"हो साहेब."

"तरी प्रतिसाद उत्तम." त्यांनी पान उलटलं. शुक्रवारी मी मेली खरं वागायला गेले होते. आधी लिहिलेलं 'उत्तम' खोडून 'सराव आवश्यक' केलं होतं. "शुक्रवारी शाळा उघडी होती तर सराव आवश्यक. मग मॅडम, शाळा बंदच ठेवत जाऊ काय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. वानखडे सर मात्र शांत. म्हणाले, "साहेब, तुमी कुठं होता गुरुवारी?"

साहेबांनी आपली डायरी चाळली. "शेजारच्या शाळेला भेट दिली. अध्यापन समाधानकारक."

"थे बी बंदच होती न जी."

साहेबांनी डायरी मिटली, माझी वहीही मिटली. "चहा सांगा," म्हणाले.

*

त्यावर गाडीत हसून हसून झालं, तेव्हा मी या दोघांना धारणीचा किस्सा ऐकवला. नोकरीची पहिली सात वर्षं मी धारणी तालुक्यात काढली. जंगलातलं गाव. पावसाळ्यात रस्ता कुठं आहे ते विचारत जावं लागायचं. फोनला रेंज नाही, त्यामुळे आदेश यायचा तो कागदावर, जीपवाल्याच्या हातून.

एकदा सलग तीन दिवस पाऊस पडला. आम्ही शाळा चालू ठेवली, कारण बंद ठेवा असं कोणी सांगितलंच नव्हतं. पोरं डोक्यावर पोतं घेऊन यायची आणि भिंतीला टेकून कुडकुडत पाढे म्हणायची. चौथ्या दिवशी छान ऊन पडलं. जीप आली. ड्रायव्हरनं खिशातून चुरगळलेला कागद काढून दिला. मुसळधार पावसामुळे शाळांना तीन दिवस सुट्टी.

आमचे तिथले मुख्याध्यापक नियमाला पक्के. त्यांनी कागद दोनदा वाचला, आवक रजिस्टरला नोंदवला आणि स्वतः जाऊन घंटा बडवली. "तीन दिवस सुट्टी!"

"सर, तो पाऊस पडून गेला!" मी म्हटलं.

"मॅडम, पाऊस त्याच्या मनानं पडते. आपल्याले कागदानं चालावं लागते."

आणि भर उन्हात तीन दिवस शाळा बंद राहिली!

वानखडे सर हसले. गावंडे सर हसले नाहीत. ते म्हणाले, "पण मॅडम, पावसाचे तीन दिवस शिकवनं झालं न तुमचं. आता तेवढंही होत नाही." हे मात्र खरं होतं.

*

नाल्याचा किस्सा सप्टेंबरातला. आमच्या गावाआधी नाल्यावर फरशी आहे, म्हणजे बुटका, बिनकठड्याचा पूल. त्या दिवशी आमच्याकडे थेंब नाही, पण वरच्या अंगाला कुठंतरी झोडपलं असणार. फरशीवरून कमरेएवढं पाणी! सुट्टी नाही, कारण इशाराच नव्हता. गावंडे सर आम्हाला नाल्यावर सोडून आपल्या शाळेत निघून गेले. मी आणि वानखडे सर या काठाला, पोट्टे त्या काठाला, आणि शाळेची किल्ली सरांच्या खिशात.

अर्धा तास आम्ही पाण्याकडे बघत उभे. मग सर म्हणाले, "मॅडम, आपून हजर, पोट्टे हजर. मधात फक्त नाला हाय. घ्या हजेरी."

आणि मी घेतली! घसा फोडून एकेकाचं नाव पुकारलं, पलीकडून एकेक "हजर मॅडम!" समीक्षा सगळ्यात पुढे, पाण्याच्या काठाला. तिला आधी दरडावलं, मागे हो, मागे हो म्हणून. मागे सरकली आणि तिथूनच ओरडली, "मॅडम, कालचं गणित राह्यलं!"

आता काय करायचं? घातलं. "चौऱ्याऐंशी भागिले चार!"

पलीकडे सगळे बोटं मोजू लागले. आमच्या बाजूला बाभळीखाली एक आजोबा म्हशी घेऊन पाणी उतरायची वाट बघत बसले होते. त्यांनी बिडी विझवली आणि ठणकावून सांगितलं, "एकवीस!"

मी चाटच पडले. "बाबा, छान येतं की तुम्हाला!"

"आमच्या टायमाले मास्तर गावातच राहे, मॅडम."

वानखडे सरांनी शाळेची किल्ली या खिशातून काढून त्या खिशात टाकली.

*

मध्येच एका आदेशात नवीन वाक्य आलं. 'सुट्टीच्या कालावधीत ऑनलाइन अध्यापन सुरू ठेवावे.' कोरोनातला कागद कोणीतरी पुन्हा वर काढला असावा. माझे पोट्टे अकरा, त्यांच्या घरचे मोबाइल पाच, आणि ते पाचही मोबाइल एक तर वावरात नाहीतर पानठेल्यावर.

तरी मी व्हिडिओ केला. जेवणाच्या टेबलावर सहा वाट्या मांडल्या आणि पंच्याऐंशी शेंगदाणे वाटायला घेतले. पहिल्या वेळी मागून आमचे हे टॉवेल शोधत आले. दुसऱ्या वेळी भाजीवाला ओरडला. तिसऱ्या वेळी जमलं. प्रत्येक वाटीत चौदा, एक शेंगदाणा उरला. पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि वाट बघत बसले. पाच पालकांपैकी एकाचा अंगठा आला. गजाननभाऊंचा! पाठोपाठ त्यांचा फोनही आला, मागे फवारणीच्या पंपाचा आवाज.

"मॅडम, तीनदा पाह्यला तुमचा व्हिडिओ. एकदम क्लिअर! तो एक शेंगदाना उरते थे बाकी, बरोबर न?"

मला इतका आनंद झाला! "अगदी बरोबर, भाऊ! समीक्षाला समजलं का?"

"तिनं कुठं पाह्यला? थे घरी हाय, मी वावरात हाय, मोबाइल माह्यापाशी हाय."

"मग तिला कधी दाखवता?"

"राहू द्या न मॅडम. मले समजला भागाकार. तिले तुमी शाळेत सांगजा!"

*

एक गोष्ट कुठल्याच आदेशात लिहिलेली नसते. सुट्टी एका दिवसाची असते, पण पोरं चार दिवस मागे जातात. सोमवारी उतरवलेला अंक गुरुवारी वरच लटकलेला असतो. पुन्हा सहाचा पाढा, पुन्हा काड्या. दर वेळी पुन्हा सुरुवात करताना माझाच आवाज मला नकोसा व्हायचा. हिवाळा जरा बरा गेला. मार्चमध्ये गारपीट झाली, पत्रे फुटले, आणि दुरुस्ती होईपर्यंत चारही वर्ग एका खोलीत. एका भिंतीकडे मी भागाकार सांगते, दुसऱ्या भिंतीकडे वानखडे सर 'क' कमळाचा. चौथीची पोरं 'क' म्हणायची आणि पहिलीची म्हणायची, बाकी शून्य!

मग एप्रिल. आमचं ऊन तुम्हाला सांगायला नको. शाळा सकाळी सात ते साडेअकरा झाली. आठ दिवसांनी आदेश आला, अकरापर्यंत. आणखी आठ दिवसांनी, साडेदहापर्यंत. वानखडे सर म्हणाले, "मॅडम, असंच चाललं तं पोट्टे यायच्या आंधीच सुटतीन!"

त्या साडेदहाच्या दिवसांत मी एकदाची शून्याच्या गणितावर आले. सहाशे बारा भागिले सहा. समीक्षानं पाटी दाखवली. बारा.

माझं अवसानच गळालं. हुबेहूब बहिणीचं उत्तर! वर्षभर नाल्यावरून ओरडले, शेंगदाणे मांडले, साहेबांचं ऐकून घेतलं, आणि शेवटी बाराच. मी खुर्चीवर बसून राहिले. रागसुद्धा आला नाही, रडू मात्र आलं असतं.

"समीक्षा, एक उतरवला. एकाला सहाचा भाग जात नाही. तिथं शून्य द्यायचं न बाळा."

"मॅडम, शून्य म्हणजे काहीच नाही न. मंग जागा कायले अडवाची?"

टेबलावर हजेरीपत्रक उघडं होतं. सुट्टीच्या दिवशी त्या रकान्यात लाल शाईनं, वरून खाली, 'सुट्टी' असं लिहायची आमची पद्धत. मी ते उचलून तिच्यापुढे धरलं.

"या सोमवारी शाळा झाली का?"

"नाही. कलेक्टरची सुट्टी होती."

"मग मी हा रकाना गाळून टाकला का?"

"नाही. सुट्टी लिहिली."

"गाळला असता तर काय झालं असतं?"

तिनं बराच वेळ त्या रकान्यांवर बोट फिरवलं. "मंगळवारची हजेरी सोमवारात गेली असती."

"बस! शून्य म्हणजे तीच सुट्टी. त्या जागी काही झालं नाही, पण जागा सोडून पुढे जाता येत नाही."

तिनं पाटी पुसली आणि लिहिलं. एक, शून्य, दोन. आणखी चार गणितं घालून पक्कं करावं म्हणून मी खडू उचलला, तर वानखडे सर दारात. साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवसापासून उष्णतेच्या लाटेची सुट्टी, ती थेट परीक्षेपर्यंत. आणि परीक्षेत शून्याचं गणित आलंच नाही! समजलं होतं की तेवढ्यापुरतं जमलं होतं, कोण जाणे. पुढे उन्हाळ्याची अख्खी सुट्टी पडली होती.

*

यंदा शाळा उघडल्या. दाखला काढायला गजाननभाऊ आले तेव्हा मी म्हटलं, चला, मीही येते. मोठ्या गावातल्या शाळेत पाचवीचे प्रवेश गावंडे सरांकडेच. टेबलावर रजिस्टर, मागे फळा. समीक्षा नवीन दप्तर पाठीला लावून आली होती. प्रतीक्षाही आली होती, पण आत आली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

गजाननभाऊंनी सरळच सांगितलं. "सर, पयले तुमी हिची परीक्षा घ्या. येत असन तं नाव टाकतो. नाहीतर इथूनच वापस नेतो."

गावंडे सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून त्यांनी फळ्यावर लिहिलं, सहाशे बारा भागिले सहा.

दारातली प्रतीक्षा खाली बघू लागली. समीक्षानं खडू घेतला. एक लिहिला. थांबली. किती थांबली ती! गजाननभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग तिनं शून्य काढलं, चांगलं मोठं आणि गोल, आणि पुढे दोन लिहिला.

सर म्हणाले, "पाठ केलं असन." त्यांनी तोंडी गणित घातलं. "शाळेचे दिवस बहात्तर. आठवड्यात शाळा सहा दिवस. तं किती आठवडे शाळा झाली?"

समीक्षा मनात काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "सर, कलेक्टरच्या सुट्ट्या धरू का सोडू?"

"सोड."

"बारा."

"अन् धरल्या तर?"

तिनं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "धरल्या तं भाग जातच नाही, सर."

हातातला खडू गावंडे सरांनी फळ्याखाली ठेवला आणि खुर्चीवर बसले.

"मंग?" गजाननभाऊंनी विचारलं. "टाकू हिचं नाव?"

सरांनी रजिस्टर पुढे ओढलं. समीक्षाचं नाव लिहिलं, जन्मतारीख विचारून लिहिली. मग मान वर न करताच म्हणाले, "मोठीचं नाव मी पटावरून काटलं नाही अजून. दोघींलेही धाडा उद्यापासून."

प्रतीक्षानं चौकट सोडली.

तेवढ्यात टेबलावरचा सरांचा मोबाइल टुंग करून वाजला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"परवापासून धाडा," ते म्हणाले.